त्याला हाक काय मारायची?

पत्र थोडक्यात: बडोद्याच्या एक वाचक, वय ६४. घर तीन पिढ्यांपासून रावपुऱ्यात. एकुलता एक मुलगा आणि सून इंग्लंडमध्ये, दोघं चाळिशीची, मूलबाळ नाही. दीड महिन्यापूर्वी त्यांच्या घरी सुदानहून एकटाच आलेला सोळा वर्षांचा मुलगा राहायला आला. मुलगा-सुनेनं 'फॉस्टर केअरर' म्हणून, म्हणजे दुसऱ्यांचं मूल काही काळ आपल्या घरी सांभाळणारे म्हणून, रीतसर नाव नोंदवलं होतं आणि तिथल्या काउन्सिलनं, म्हणजे स्थानिक प्रशासनानं, तो त्यांच्याकडे सोपवला. ताई मे महिन्यात तीन महिन्यांसाठी तिकडे जाणार आहेत आणि त्यांची झोप उडाली आहे. मुलगा परधर्माचा, परमुलखातला, सोळाचा वाटतही नाही. रात्री जागतो, दिवसा झोपतो, खोलीत ब्रेडचे तुकडे लपवून ठेवतो. 'दत्तक घेतलं असतं तर समजलं असतं, आपल्या गादीवरही दत्तकच आले होते. पण हा अठराचा झाला की जाणार. मग हा जीव लावण्याचा खटाटोप कशाला? आणि कोणती आई असं पोर एकटं घराबाहेर काढते?' भजनी मंडळात त्यांनी सांगून टाकलंय की मुलाकडे पेइंग गेस्ट आहे. शेवटी विचारतात, 'मी त्याची कोण? त्याला हाक काय मारायची?'

ताई,

तुमचं सहा पानी पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना थोडा राग आला, कबूल करते. दुसऱ्यांदा वाचताना चौथ्या पानावर थांबले. व्हिडिओ कॉल चालू असताना तो मागे स्वयंपाकघरात आला, पाणी प्यायला आणि पेला धुऊन, पुसून, होता तिथेच ठेवून गेला, असं तुम्ही लिहिलंय. पुढे दोनच शब्द आहेत, 'पाहुण्यासारखा गेला'. ज्या बाईला एवढं दिसतं, तिला बाकीचंही दिसेल, या भरवशावर हे उत्तर लिहिते.

पत्रात तुम्ही त्याचं पूर्ण नाव, गाव आणि तो कुठल्या वाटेनं आला ते लिहिलं होतं. ते सगळं मी गाळलं. तुम्हीही गाळा. अशा मुलांची माहिती आणि फोटो बाहेर जाऊ द्यायचे नाहीत, हा फॉस्टर केअररवर घातलेला नियमच असतो. त्यामागे कारण आहे. या मुलांच्या मागावर कधीकधी माणसं असतात, आणि मागे राहिलेल्या घरच्यांनाही त्रास होऊ शकतो. तेव्हा कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याचा फोटो टाकायचा नाही. पण 'पेइंग गेस्ट' म्हणायचीही गरज नाही. पेइंग गेस्ट पैसे देतो आणि नोटीस देऊन जातो. 'मुलगा-सून एका मुलाचा सांभाळ करतायत' एवढं एक वाक्य पुरतं. कोणी खोदून विचारलं, तर 'त्याबद्दल बोलायची परवानगी नाही' म्हणा. हे खरंही आहे आणि ऐकणारीला थोडं वजनदारही वाटतं.

आता त्याच्या आईबद्दल. तुमच्या पत्रातलं सगळ्यांत जड वाक्य तेच आहे. सुदानमध्ये १५ एप्रिल २०२३ला सैन्य आणि आरएसएफ नावाची निमलष्करी फौज यांच्यात युद्ध पेटलं. पश्चिमेकडच्या दारफुरमध्ये तर जमात बघून माणसं मारली गेली, आणि त्यात पुरुष आणि वयात आलेले मुलगे आधी. अशा ठिकाणी पंधरा-सोळाच्या मुलापुढे तीन वाटा असतात: कोणीतरी बंदूक हातात देतं, कोणीतरी बंदूक रोखतं, नाहीतर तो निघून जातो. त्याच्या आईनं त्याला घराबाहेर काढलं की त्याला वाचवायला होतं नव्हतं ते विकलं, की निघताना तिची भेटच झाली नाही, हे तुम्हालाही ठाऊक नाही आणि मलाही नाही. इंग्लंडमध्ये असे एकटे येणारे बहुतेक सोळा-सतरा वर्षांचे मुलगेच असतात. ते अनाथ आहेत असं आपण धरून चालतो. कितीतरी जण तसे नसतात. ते एकटे आलेले असतात, एवढंच. दिवसभर फोन हातात असतो अशी तुमची तक्रार आहे ना? तो फोन बहुधा त्याचं उरलेलं घर आहे. आणि ज्यांना घरच्यांचा ठावठिकाणाच लागत नाही, त्यांच्यासाठी रेड क्रॉस मोफत शोध घेते. मुलाची इच्छा असेल तरच, आणि त्याच्या सोशल वर्करमार्फत.

म्हणूनच दत्तकाचा दाखला इथे लागू पडत नाही. १८७५ साली बडोद्याच्या महाराणी जमनाबाईंनी कवळाणे गावाहून आणलेल्या बारा वर्षांच्या गोपाळला मांडीवर घेतलं, तेव्हा त्याचं नाव बदलून सयाजीराव ठेवलं. दत्तकात तेच होतं. जुनं घर मिटतं, नवं लिहिलं जातं. पुढे त्या मुलानं आपलं हे शहर उभं केलं, तो भाग निराळा. फॉस्टरमध्ये जुनं घर मिटवायचं नसतं. मुलगा-सुनेनं त्याला 'आपला' केलेला नाही, आणि तसं करायचंही नाही. तो ज्यांचा आहे त्यांच्या वतीनं ते त्याला सांभाळतायत. आईची जागा रिकामी नाही, आजीचीही नसेल कदाचित. तुम्हाला ती भरायची नाही, हे ऐकून मला वाटतं तुम्हाला जरा मोकळंच वाटेल.

'आपल्यात असं कोणी करतं का?' हेही तुम्ही विचारलंय. करायचे की. तुमच्या-माझ्या पणज्या-आज्या करायच्या, वार लावून. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आजीच्या काळात कोकणातून संस्कृत शिकायला आलेला एक मुलगा दर गुरुवारी जेवायला यायचा. सोमवार दुसऱ्या घरी, मंगळवार तिसऱ्या. आजी हे अभिमानानं सांगायची. मग म्हातारपणी एकदा, दुपारच्या चहाच्या वेळी, वेगळंच सांगून गेली. तो मुलगा सगळ्यांच्या पंगती उठल्यावर दाराशी बसायचा. त्याला उरलेलं वाढलं जायचं. सहा वर्षांत त्यानं दुसऱ्यांदा भात कधी मागितला नाही. मी विचारलं, 'नाव काय गं त्याचं?' तर आजीला आठवेना. 'आम्ही सगळे त्याला गुरुवारच म्हणायचो,' म्हणाली. चहा तसाच राहिला तिचा.

म्हणून वारांची परंपरा मी नुसती मिरवत नाही. अन्न होतं, नेम होता, आणि तो नेम फार मोठी गोष्ट होती. त्या मुलाला गुरुवारची काळजी नव्हती. पण वार लागायचे ते जात बघून, आणि उपकाराचं ओझं ताटातच वाढलेलं असायचं. याच शहरात १९१७ साली कोलंबिया विद्यापीठातून शिकून आलेल्या बाबासाहेब आंबेडकरांना राहायला खोली मिळाली नव्हती. शिष्यवृत्ती बडोद्याची, नोकरी बडोद्याची, आणि मुक्कामासाठी पारशी धर्मशाळेत खोटं पारशी नाव लिहावं लागलं. अकराव्या दिवशी लोक काठ्या घेऊन आले. मग ज्या मित्राकडे गेले तो म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. बाबासाहेबांनी संध्याकाळ कमाटीबागेत काढली आणि रात्रीच्या गाडीनं ते मुंबईला गेले. 'मला स्वतःला काही नाही हो, पण लोक काय म्हणतील' हे तुमच्या पत्रातलं वाक्य वाचताना मला तो मित्र आठवला. माफ करा, पण आठवला.

उजवी बाजूही सांगते. १९४२ साली जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला पोलंडची शेकडो मुलं ठेवून घेतली. पुढच्या वर्षी कोल्हापूरजवळ वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत वसली. परमुलखातलं पोर गुजरातेत किंवा मराठी मुलखात कधी आलंच नाही, असं नाही.

भीतीबद्दल बोलू. अनोळखी मुलगा घरात, ही भीती खोटी नाही आणि तिची मी टिंगल करणार नाही. पण पद्धत समजून घ्या. इंग्लंडमध्ये एकट्या आलेल्या मुलाच्या निवाऱ्याची जबाबदारी १९८९च्या बालक कायद्यानं स्थानिक काउन्सिलवर टाकली आहे. तुमच्या मुलाला आणि सुनेला कोणी मूल उचलून आणून दिलेलं नाही. अशी मंजुरी मिळायला साधारण चार-सहा महिने लागतात. पोलिस तपासणी होते, प्रकृतीची तपासणी होते, ओळखीच्यांकडे चौकशी होते, बालपण कसं गेलं इथपासून संसारात भांडण झालं तर काय करता इथपर्यंत विचारतात, आणि शेवटी समितीसमोर बसवतात. मुलाचा सोशल वर्कर वेगळा, यांचा वेगळा. ठरावीक मुदतीनं आढावा बैठका होतात. याउलट २०२१पासून तिथल्या सरकारनं अशी बरीच मुलं हॉटेलांत ठेवली, आणि जानेवारी २०२३मध्ये संसदेत सांगावं लागलं की त्यातली दोनशे बेपत्ता आहेत. त्याच वर्षी न्यायालयानं ती सरसकट हॉटेलात ठेवण्याची रीत बेकायदा ठरवली. एखाद्या घरातली एक खोली किती मोलाची, ते यावरून बघा.

आणि एक गोष्ट तुम्हाला कदाचित खटकेल. तीन महिने राहायला येणारी म्हणून तुमचीही चौकशी होऊ शकते. तुमच्या मुलाला सांगा की तुमच्या येण्याची खबर सोशल वर्करला आत्ताच द्या, तिकीट काढल्यावर नाही. तुमच्याशी बोलतील, कागद मागतील. यात अपमान वाटून घेऊ नका. तुम्हाला तो अनोळखी आहे तशा तुम्हीही त्याला अनोळखी आहात, आणि त्या दोघांत कमी बळ त्याचं आहे.

घरात लेखी नियम असतील. दार ठोठावल्याशिवाय त्याच्या खोलीत जायचं नाही. तिथे एकटीनं जाऊन पसारा आवरायचा नाही. अंगाला हात लावण्याआधी, पाठीवरून मायेनं फिरवायचा असला तरी, त्याला चालतं का ते बघायचं. आपल्याकडे डोक्यावर हात ठेवणं म्हणजे आशीर्वाद, पण ज्याला वाटेत मारलंय त्याला वर आलेला हात हाच धोका वाटतो. लपवलेल्या ब्रेडला हात लावू नका. खूप दिवस उपाशी राहिलेलं माणूस अन्न जवळ ठेवतं, त्याला चोरी म्हणत नाहीत. झाकणाचा एक डबा द्यायला सांगा. त्यात बिस्किटं, शेंगदाणे, खजूर, आणि तो भरलेला राहील हे बघायचं. झोपेचंही तेच. अंधाराची भीती वाटणारी ही मुलं उजाडल्यावर निजतात. यावर सुनेला सल्ला देऊ नका, तिला प्रशिक्षणात हे शिकवलेलं असतं.

वय. 'सोळाचा वाटत नाही, मिशी आहे.' ताई, आपल्याकडे १ जूनला जन्मलेली किती माणसं तुमच्या ओळखीची आहेत? माझे वडील होते, दोन्ही काका होते. शाळेत नाव घालताना मास्तरांनी तारीख टाकली आणि ती पेन्शनपर्यंत टिकली. ज्यांच्याकडे जन्माचा कागद नाही त्यांना तिकडे अनेकदा १ जानेवारी ही तारीख मिळते. वयाबद्दल शंका असली तर ती तपासायची ठरलेली रीत आहे आणि तिथे ते काम शिकलेले सोशल वर्कर करतात. मिशीवरून तुम्ही ठरवायचं नाही.

तुम्ही जेवणाबद्दल एकच ओळ लिहिलीय, 'आमचं सोवळं नाही, पण घरात मटण शिजणार का?' शिजेल कदाचित, घर त्यांचं आहे. वेगळी भांडी नेण्याचा विचार करत असाल तर तो इथेच ठेवून जा. पण तुम्ही ज्या वाटेनं बघताय तिथून तुम्हाला दिसलं नसेल की या मुलाचं आणि तुमचं धान्य एकच आहे. सुदानमध्ये ज्वारी आंबवून तिची कागदासारखी पातळ किसरा करतात, आपल्या घावनाची सख्खी बहीण. पश्चिमेकडे बाजरी. तिच्या पिठाची घट्ट असिदा करतात, आपल्या उकडीसारखी, आणि मध्ये खळगा करून कालवण घालतात. कालवणात वाळवलेल्या भेंडीची पूड असते. शेंगदाणे, तीळ तर आहेतच. बाकला नावाच्या घेवड्याच्या दाण्यांची 'फूल' करतात, ती म्हणजे उसळच, वर तेल, जिरं, कांदा. एका मोठ्या परातीभोवती बसून उजव्या हातानं खातात. बडोद्यात बाजरीचा रोटला खाऊन वाढलेल्या बाईला यात परकं काय आहे? तुमच्या हातचा रोटला, शेंगदाण्याची चटणी आणि भेंडी, एवढं करून टेबलावर ठेवा. 'खा' म्हणू नका. 'आवडलं का' विचारू नका. तुम्ही खाऊ लागा. त्याला फक्त टोस्ट हवा असेल तर तोच खाऊ दे. वासानं गावाची आठवण येऊन तो उठूनही जाईल, तर त्याला हाक मारून बसवू नका. दर आठवड्याला एक वार ठरवून तुम्ही रांधा. नेम तेवढा पाळा. आमच्या आजीचा तेवढा भाग उचलण्यासारखा आहे.

सुनेचं एक सांगायचं राहिलं. तुमच्या पत्रात 'त्या दोघांनी ठरवलं' असं कुठेही नाही, 'तिनं ठरवलं' असं चार ठिकाणी आहे. 'मूल नाही म्हणून मन रमवायला' असंही आहे. मंजुरीच्या वेळी हाच प्रश्न त्यांना परक्या माणसांनी तोंडावर विचारला असणार, कारण मूल नसण्याचं दुःख भरून काढायला फॉस्टर करू नये हे खरंच आहे. त्या प्रश्नातून दोघं पार पडली. तुम्ही तो पुन्हा विचारू नका, स्वयंपाकघरात भांडी घासताना तर नाहीच.

आणि अठरा. इथे मी तुम्हाला गोड काही सांगू शकत नाही. अठराव्या वर्षी फॉस्टरिंग कायद्यानं संपतं. तुमच्या मुलगा-सुनेची आणि त्या मुलाची इच्छा असेल तर इंग्लंडमध्ये २०१४च्या कायद्यानं एकविसाव्या वर्षापर्यंत त्याच घरी राहण्याची सोय आहे. पण हा मुलगा आश्रयाच्या निर्णयाची वाट बघतोय, आणि पुढचं सगळं त्या निर्णयावर टांगलेलं आहे. होकार मिळाला तरी तिथल्या नियमांप्रमाणे मुलाला आपल्या आईवडिलांना बोलावून घेता येत नाही. नकार मिळाला तर अपील, वकील, वाट बघणं. आश्रयासाठीच्या मुलाखतीच्या आधीच्या आठवड्यात तो चिडका होईल, दार आपटेल. तारीख कधी आहे ते सुनेला विचारून ठेवा आणि त्या आठवड्यात पाहुणे बोलावू नका. तो गेला तर तुमच्या मुलाला-सुनेला दुःख होईल का? होईल. तुमचा मुलगा सतराव्या वर्षी हॉस्टेलला आणि तेविसाव्या वर्षी विलायतेला गेला तेव्हा तुम्हालाही झालं असेल. 'खटाटोप कशाला' असं तेव्हा तुम्हाला कोणी विचारलं नाही.

ज्या वाचकांना हे वाचून आपणही असं काही करावंसं वाटतंय, त्यांच्यासाठी चार ओळी. भारतानं १९५१च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि तिकडच्यासारखी व्यवस्था आपल्याकडे नाही. पण इथल्या मुलांसाठी फॉस्टर केअर आहे. २०१५च्या बाल न्याय कायद्यात, कलम ४४मध्ये. २०२४च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनुसार एकट्या व्यक्तीलाही मूल सांभाळता येतं. निर्णय बालकल्याण समितीचा असतो आणि चौकशीची सुरुवात जिल्हा बाल संरक्षण कक्षात होते. केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेतून महिना ४००० रुपयांची मदत मिळते. संस्थेतल्या सहा वर्षांवरच्या मुलांना, ज्यांना दत्तक घ्यायला कोणी येत नाही, अशा घरांची फार गरज आहे. स्टेशनवर एखादं एकटं मूल दिसलं तर मात्र दया येऊन घरी नेऊ नका, १०९८ला फोन करा. माणूस चांगला असला तरी कागदाशिवाय मूल ठेवून घेणं त्या मुलासाठीच घातक आहे.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. त्याला नावानं हाक मारा. बाळा, बेटा, राजा, काही नको. ते नाव तुम्ही पत्रात जसं लिहिलंय तसा त्याचा उच्चार होत नाही, एवढं मला खात्रीनं सांगता येतं. त्यातलं एक अक्षर घशातून येतं आणि आपल्या बाराखडीत ते नाही. जाण्याआधी एकदा कॉलवर त्यालाच विचारा, पुन्हा विचारा, चुकलं तर हसू दे त्याला. तुम्हाला तो काय म्हणेल हे त्याच्यावर सोडा. सुरुवातीला काहीच म्हणणार नाही. मग कदाचित तुमचा मुलगा म्हणतो ते ऐकून 'आई' म्हणेल, त्या शब्दाचा अर्थ माहीत नसताना. तसं झालं तर दचकू नका आणि हुरळूनही जाऊ नका. त्याला तो शब्द म्हणजे तुमचं नाव वाटत असेल.

ता. क. जगदंबेच्या प्रसादाचे पेढे आणि घरचं तूप नेणार असं लिहिलंय. नेऊ नका. भारतातून दुधाचे पदार्थ तिकडे नेता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतात. लीलो चेवडो चालेल. बाजरीचं पीठ तिकडच्या गुजराती दुकानात मिळतं, पण तुमचा तवा न्या.